गाला वाटेत लागत नाही

शेजारच्या सोसायटीतल्या एक ताई कैलास-मानसरोवर करून आल्या. २०२० पासून बंद पडलेली यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी त्यांचा नंबर लागला. सरकारी यात्रा, उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीमार्गे, ५० जणांची बॅच. त्यांच्याकडे मावंदं होतं, म्हणून मी गेले. दारातच त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. चेहरा उन्हाने रापलेला, नाकाच्या शेंड्यावरची कातडी निघालेली, डोळ्यांत तो तिथला लखलखाट अजून शिल्लक. मला फार आनंद झाला. जेवणं झाल्यावर फोटो निघाले. डेरापुकच्या मुक्कामावरून दिसणारं कैलासाचं उत्तरमुख, डोल्मा खिंडीतल्या पताका, पहाटेचं मानस. मीही पूर्वी ही यात्रा केलेली, त्यामुळे एकेक जागा ओळखत होते, त्यांच्याआधी नावं सांगत होते. मग सहज विचारलं, ‘उतरताना गालाला पाऊस होता का हो?’ त्यांनी क्षणभर आठवून पाहिलं. ‘गाला? नाही, तसं काही वाटेत लागलं नाही. बुधीला राहिलो एक रात्र, मग गाडीने थेट खाली. चौकोडी, अल्मोडा, दिल्ली.’ आणि त्या पुढच्या फोटोकडे वळल्या.

यात दुखावण्यासारखं काही नव्हतं. गाला म्हणजे जुन्या पायी वाटेवरचा एक मुक्काम, तो आता खरंच वाटेत लागत नाही. काली नदीच्या कडेने रस्ता झाला आहे, मे २०२० मध्ये त्याचं उद्घाटन झालं, गाडी खिंडीच्या जवळपर्यंत जाते. गाला वर राहिलं, डोंगरावर, रानात. हे सगळं मला ठाऊक होतं, बातम्या वाचल्या होत्या. तरी त्या वाक्याने मला रात्री झोपू दिलं नाही. मी उठून बसले आणि आमच्या परतीचा एकेक मुक्काम मनात लावू लागले. मानस, तकलाकोट, लिपुलेख, नाभीढांग, कालापानी, गुंजी, बुधी, गाला, नारायण आश्रम, धारचुला. जाण्याच्या वाटेवर सगळेच लिहितात. परतीचं कोणी लिहीत नाही. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर यात्रेतलं जे काही माझ्या हाडामासात उतरलं, ते परतीच्या त्या वाटेवर उतरलं.

आम्ही गेलो तेव्हा बॅच ६० जणांची असायची आणि खिंडीपर्यंतची डोंगरवाट पायी होती. परिक्रमा संपवून आम्ही मानसच्या काठावर आलो तेव्हा बॅचमधला प्रत्येक जण थकून गेला होता. ओठ फाटलेले, खोकला सगळ्यांना, तोही एकाच सुरात, रात्री एकाने सुरू केला की खोल्याखोल्यांतून उत्तरं यायची. चिहूच्या त्या मुक्कामी समोर निळं पाणी, त्यापलीकडे गुर्ला मांधाता, बर्फाचा तो अवाढव्य रुंद डोंगर, आणि मागे वळलं की कैलास. असं ठिकाण पृथ्वीवर दुसरं नसेल. आणि त्या ठिकाणी बसून आम्ही काय करत होतो? घरची आठवण काढत होतो. फूड कमिटीने खिचडीच केली म्हणून दोघांनी ताट बाजूला ठेवलं होतं. लगेज कमिटीवर एक जण रुसला होता, त्याची बॅग ट्रकमध्ये सगळ्यांत खाली गेली म्हणून. दिल्लीत या कमिट्या हौसेने तयार केल्या होत्या, नावं पुढे करायला चढाओढ होती. आता कमिटीतले लोक एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. नाशिकच्या काकू, ज्यांनी चढताना अख्ख्या बॅचला शिवमहिम्न म्हणायला लावलं होतं, त्या काठावर बसून मला म्हणाल्या, ‘बाई गं, आता मला माझ्या न्हाणीघरात आंघोळ करायची आहे, बाकी काही नको.’ हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण आदल्या दिवशी त्यांनी त्याच मानसमध्ये डुबकी घेतली होती आणि त्यासाठी त्या कित्येक वर्षं झुरल्या होत्या.

मलाही जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, घाई झाली होती. उंचीवर राहून राहून डोकं सतत एका बारीक दुखण्याने भरलेलं असायचं, भूक मेली होती, झोप तुटक. मानसचं पाणी कॅनमध्ये भरताना बोटं इतकी बधिर झाली की झाकण फिरवता येईना. एका तिबेटी बाईने न बोलता तो कॅन माझ्या हातातून घेतला, झाकण घट्ट केलं, उलटा धरून गळत नाही ना ते बघितलं आणि परत दिला. मी तिला हात जोडले. तिने माझ्या हातांकडे बघितलं, आपल्या दोन्ही तळव्यांत ते धरले आणि खसाखसा चोळले. मानसच्या काठावरचं माझं सर्वांत स्पष्ट स्मरण हे आहे. पाण्याचा रंग मला आता फोटो पाहून आठवावा लागतो. तिच्या तळव्यांचा खरखरीतपणा आठवावा लागत नाही.

तकलाकोट या तिबेटातल्या गावात गरम पाणी होतं, पलंग होते, फोन होता. तिथले दोन दिवस हिशेबात गेले. उरलेलं रेशन कुणाला द्यायचं, नेपाळी आचाऱ्यांना बक्षिसी किती, उरलेले युआन कसे वाटायचे, यावर रात्री मोठ्या आवाजात बोलणी झाली. आमचे एलओ, म्हणजे लायझन ऑफिसर, शांत गृहस्थ. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘परसों सुबह हम सब लिपुलेख पर होंगे. वहाँ साँस भी एक-दूसरे की लगेगी.’ मग सगळे गप्प झाले आणि झोपायला गेले. मला झोप लागली नाही. खिडकीतून बाजाराची वस्ती दिसत होती. याच बाजारात पलीकडच्या ब्यांस खोऱ्यातले रं लोक पिढ्यान् पिढ्या लोकर आणि मिठासाठी येत, १९६२ मध्ये ते थांबलं आणि तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, पुन्हा सुरू झालं. आम्ही गेलो तेव्हा गुंजी आणि गर्ब्यांगचे व्यापारी तिथे दुकानं मांडत. जाताना त्यांच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. येताना त्यातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराशी बराच वेळ बोलले. त्याला पाऊस कुठवर आला आहे ते हवं होतं, मला उतरण किती घसरडी असेल ते. आमचं छान जमलं.

लिपुलेखचा तो दिवस मध्यरात्रीच सुरू झाला. चिनी घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, त्यामुळे कुठल्या घड्याळाने उठायचं यावरच अर्धी बॅच गोंधळलेली. यादीतल्या क्रमांकाने उभं राहायचं, पासपोर्ट दाखवायचा, बसमध्ये बसायचं. ग्रुप व्हिसावर आमची नावं आकड्यांनी लावलेली होती आणि त्या दिवसांत आम्ही एकमेकांना आकड्यांनीही ओळखत होतो. बस जिथे थांबली तिथून पुढे खडी चढण, अंधार, पायाखाली कठीण झालेलं बर्फ. खिंड १७,००० फुटांच्या आसपास. चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि थांबा. बाजूने कोण चाललं आहे ते दिसत नव्हतं, फक्त श्वास ऐकू येत होता. एलओ साहेबांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

आणि वर दुसरी बॅच उभी होती.

हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं. त्या व्यवस्थेत एक बॅच खाली यायची त्याच सकाळी पुढची बॅच वर जायची, आणि दोघींची भेट त्या खिंडीत व्हायची, काही मिनिटांची. त्यांचे कपडे स्वच्छ होते. जॅकेटांना अजून घड्या होत्या. ते नाभीढांगहून रात्री दोनला निघालेले, भेदरलेले, उत्सुक, आणि आम्ही काळवंडलेले, ओठांवर खपल्या. ते आमच्या पाया पडू लागले. एक तरुण मुलगी माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, ‘आप दर्शन करके आ रही हैं.’ मला काय बोलावं सुचेना. मी माझे जाड हातमोजे काढून तिला दिले, कारण तिचे लोकरीचे होते आणि ओले झाले होते. तिने ते घातले. मग वारा इतका वाढला की पुढचं बोलणं उडूनच गेलं. दोन्ही बाजूंचे अधिकारी नावं वाचत होते. त्यांची रांग उत्तरेला उतरू लागली, आमची दक्षिणेला. आणि दक्षिणेच्या त्या उतारावर, बर्फात पाय रोवून, आमचे पोर्टर आणि घोडेवाले उभे होते.

माझा पोर्टर पांगूकडचा, कॉलेजात शिकणारा मुलगा. यात्रेच्या हंगामात तो वर्षभराची फी कमवायचा. जाताना आम्ही फारसं बोललो नव्हतो. मला धाप लागायची आणि तो लाजाळू. खिंडीत मला सोडून तो खाली गेला होता आणि आमच्या परतीच्या दिवशी पुन्हा वर आला होता, अंधारात, माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा घेऊन. त्याने लांबूनच मला ओळखलं. ६० माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, तोंडावर फडकी. मी विचारलं, ‘कैसे पहचाना?’ म्हणाला, ‘आंटी, आप बायाँ पैर पहले रखती हैं, हर बार.’ माझ्या घरच्या माणसांनाही हे माहीत नव्हतं.

मग उतरण. नाभीढांगला ॐ पर्वत ढगात होता आणि कुणीही त्याच्यासाठी थांबलं नाही. जाताना याच ठिकाणी आम्ही तासन् तास डोळे लावून बसलो होतो. पाय आपोआप पडत होते. कालापानीच्या अलीकडे कधीतरी मला काहीतरी वेगळं जाणवू लागलं आणि ते काय आहे हे कळायला वेळ लागला. वास होता. ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा, घोड्यांच्या लिदीचा वास. तिबेटच्या त्या पठारावर वास नसतोच म्हणा ना, थंड कोरडी हवा सगळं पुसून टाकते. आणि मग झाडं आली. आधी खुरटी जुनिपरची झुडपं, मग भोजपत्राची सालपटं सुटलेली पांढुरकी खोडं, मग खाली खाली गर्द हिरवे देवदार. कित्येक दिवस आम्ही एकही झाड पाहिलेलं नव्हतं. बडोद्याचे काका एका भोजपत्राला हात लावून उभे राहिले आणि हललेच नाहीत. त्यांच्या घोडेवाल्याला वाटलं, चक्कर आली. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आम्ही दोघंही रडत होतो. कैलाससमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्याची मला आत कुठेतरी लाज वाटत राहिली होती, आणि इथे, एका झाडापाशी, ते आलं आणि थांबेना. कालापानीला पासपोर्टवर शिक्का बसला, आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, जवानांनी गरम चहा आणि भजी पुढे केली आणि भूक परतली. अशी भूक मला लहानपणानंतर लागली नव्हती.

गुंजीहून बुधी. वाटेत छियालेख. तिथल्या कुरणात श्रावणातली फुलं, गुडघ्यापर्यंत, पिवळी, जांभळी, लाल, आणि त्यांत धुकं शिरलेलं. खाली बुधीपर्यंतचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेणारा. त्यानंतरची वाट मात्र मला जाताना जेवढी भीतीदायक वाटली होती, तेवढीच येताना आपली वाटली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काली, घोंघावत, राखाडी, पलीकडच्या काठावर नेपाळ. कड्यावरून धबधबे थेट वाटेवर कोसळतात आणि त्यांच्याखालून भिजत पलीकडे जायचं. नदीच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून सगळे आपापले चालतात. मालपापाशी आमची रांग थांबली. इथे १८ ऑगस्ट १९९८ च्या पहाटे डोंगर खाली आला. ६० यात्रेकरूंसह २०० हून अधिक माणसं त्याखाली गेली, त्यांत पोर्टर होते, घोडेवाले होते, जवान होते. जाताना आमच्यापैकी कुणी थांबायला तयार नव्हतं, लवकर पलीकडे जाऊ या म्हणून जवळजवळ धावलो होतो. येताना न ठरवता थांबलो. माझ्या पोर्टरने पाठीवरची सॅक खाली ठेवली, चप्पल काढली आणि दगडांवर दोन फुलं ठेवली, छियालेखहून आणलेली. त्याच्या गावातली माणसं त्यात गेली होती. आम्ही यात्रेकरूंची आठवण काढतो, त्यांच्यासाठी स्मारक आहे. त्या मुलाच्या फुलांनी मला दाखवलं की या वाटेवर आमच्यापेक्षा त्यांचं जास्त आहे.

मालपापुढे लखनपूर, आणि तिथून गालाच्या ४,४४४ पायऱ्या. जाताना त्या उतरलो होतो. म्हणजे घरी परतताना, सगळं उतरून झालं असं शरीराला वाटत असताना, पुन्हा चढायचं. बॅचमध्ये या पायऱ्यांबद्दल कुरकुर गुंजीपासूनच सुरू झाली होती. दगडी, उंचसखल, पावसाने शेवाळलेल्या. पण आता फुफ्फुसं तिबेटची होती, हवा दाट होती. मी न थांबता चढत होते आणि मला स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. वर गालाला पोचलो तेव्हा धो धो पाऊस. कुमाऊं मंडल विकास निगमचा कॅम्प, खोल्यांत ओले कपडे दोरीवर, बुटांत कागदाचे बोळे, अंगावर जळवा चढल्या आहेत का ते एकमेकांचं बघणं. वीज नव्हती. जेवणघरात एक कंदील होता आणि पाऊस इतका की बाहेर जाणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे तिथेच बसले. यात्रेकरू, पोर्टर, घोडेवाले, आचारी. पहिल्यांदाच सगळे एकत्र.

तिथे बडोद्याचे काका बोलले. बॅचमधले सर्वांत अबोल. म्हणाले, ‘मी एक सांगू का, डोल्मा खिंडीत मला काहीच वाटलं नाही. देव नाही, कैलास नाही, काही नाही. श्वास मिळत नव्हता आणि एवढंच मनात होतं की खाली उतरायचं आहे. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तिथे पोचून मी मनात घरी जायचा हिशेब करत होतो.’ कंदिलाभोवती शांतता झाली. मला वाटलं, आता कुणी त्यांना समजावेल, असं म्हणू नये म्हणेल. तसं झालं नाही. बंगळूरूचा इंजिनिअर म्हणाला, मलाही. मग एका डॉक्टर बाईंनी सांगितलं, त्या परिक्रमेत सतत दुसऱ्यांची नाडी मोजत होत्या आणि कैलासाकडे त्यांनी नीट बघितलंच नव्हतं. नाशिकच्या काकू म्हणाल्या, त्यांना डुबकी घेतल्यावर नुसती थंडी वाजली, आणि हे त्या कुणालाच सांगणार नव्हत्या. मीही सांगितलं, भोजपत्राच्या झाडाचं. एकेक जण बोलत गेला. काहींना तिथे खूप मोठं काही मिळालं होतं, त्यांनीही ते तितक्याच साधेपणाने सांगितलं. बॅचमधल्या एका दादांना डेरापुकला पहाटे कैलासावर पहिलं ऊन पडलेलं पाहताना गेलेले वडील शेजारी उभे आहेत असं वाटलं होतं. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पोर्टर ऐकत होते. माझा पोर्टर म्हणाला, ‘हम तो लिपुलेख से आगे कभी गए ही नहीं. हमारे लिए तो आप लोग ही दर्शन हो.’

मला आजही ठामपणे वाटतं की हे बोलणं चढताना झालं नसतं आणि दिल्लीतही झालं नसतं. चढताना प्रत्येक जण आपली भक्ती जपत असतो, ती कमी पडली तर काय, या भीतीने. दिल्लीला पोचेपर्यंत प्रत्येकाकडे घरी सांगायची एक गोष्ट तयार झालेली असते. मधे, पायी उतरायच्या त्या दिवसांत, नदीचा आवाज दिवसभर कानात आणि बोलायला कुणी नाही, तेव्हा माणूस आपल्याशी खरं बोलून घेतो. मग एखाद्या पावसाळी रात्री ते इतरांपुढे ठेवायची हिंमत होते. रेशनवरून भांडलेले दोघे त्या रात्री एका पांघरुणात पाय घालून बसले होते.

धारचुलाला पोर्टरांचा निरोप झाला. कितीही ठरवलं तरी तो नीट होत नाही. पैसे देण्याचा क्षण फार कठीण असतो. पाकीट हातात ठेवताना दोघांनाही दुसरीकडे बघावं लागतं. जाताना मिर्थीच्या आयटीबीपी तळावर काढलेला बॅचचा फोटो परतताना हातात आला आणि त्यातली गुबगुबीत, उजळ माणसं पाहून आम्ही गप्प झालो. जागेश्वरच्या देवदारांत एक रात्र. मग दिल्लीचा उकाडा, गुजराती समाजाचं ते प्रेमळ अगत्य, हारतुरे, प्रमाणपत्र, आणि पाऊण तासात सगळी बॅच रिक्षा-टॅक्सीत बसून पांगली.

घरी आल्यावरचे आठवडे विचित्र होते. आतून फार कृतज्ञ आणि फार एकटी, दोन्ही एकाच वेळी. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि पाय चालायला मागायचे. मी गच्चीवर फेऱ्या मारायचे. गादी मऊ वाटायची, म्हणून जमिनीवर झोपले. माणसं यायची, पाया पडायची, ‘दर्शन कसं झालं?’ विचारायची. मी छोट्या बाटल्यांतून मानसचं पाणी वाटलं. सासूबाईंनी ते देवघरात ठेवलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागल्या. त्यांना मी गालाच्या रात्रीबद्दल सांगायचं टाळत होते, त्यांना वाईट वाटेल म्हणून. एके दिवशी दुपारी सांगितलं. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘आमच्या आई वारीहून आल्या की विठोबाचं कधी बोलायच्या नाहीत. वाटेत कोण भेटलं तेच सांगायच्या.’ त्यानंतर त्या रोज मला विचारू लागल्या, आज कुणाचं सांगतेस? आणि मी एकेकाचं सांगत गेले. पोर्टरचं, डॉक्टर बाईंचं, त्या तिबेटी बाईच्या तळव्यांचं. असं सांगता सांगता मी हळूहळू घरी आले.

म्हणून ताईंच्या त्या उत्तराने मला झोप लागली नाही. पण रस्त्यावर रागवायचा मला हक्क आहे असं मला वाटत नाही. त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी पोर्टरला फोन केला. तो आता मुलगा राहिलेला नाही, धारचुला-गुंजी जीप चालवतो. त्याच भागातल्या आदि कैलास पर्वताला येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान तिकडे जाऊन आल्यापासून तर फारच. मी म्हटलं, गाला आता वाटेत लागत नाही म्हणे. तो म्हणाला, नाही लागत. आणि मग त्याने मला सांगितलं की त्याच्या मावशीच्या गुंजीत असताना छातीत दुखू लागलं तेव्हा त्याने तिला जीपमध्ये घालून त्याच दिवशी धारचुलाच्या दवाखान्यात नेलं. पूर्वी असं कुणी आजारी पडलं की माणसं खांद्यावर घेऊन दोन-तीन दिवस त्याच वाटेने यायची, धबधब्यांखालून, मालपावरून. मावशी आता बरी आहे. मी फोन ठेवला आणि रस्त्याचे मनापासून आभार मानले. ताईंचे गुडघे पाहता त्यांनाही तो नसता तर कैलास दिसला नसता. हे सगळं खरं आहे. तरीही वर नेणारी गाडी चांगली आणि खाली आणणारी गाडी तेवढी चांगली नाही, हे माझं मत कायम आहे. यात्रेची आखणी करणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं, चढताना वेळ वाचवा, वयस्कर माणसांचे श्वास वाचवा, पण उतरताना दोन दिवस तरी माणसांना पायी चालू द्या, ज्यांना जमेल त्यांना. बुधी ते छियालेख, छियालेख ते गर्ब्यांग, कुठलाही तुकडा चालेल. पोर्टरांनाही काम मिळेल. खाली येताना माणसाला मधलं काहीतरी लागतं, जिथे तो ना कैलासावर असतो ना घरी.

ताईंना मी हे सांगितलं नाही, पण आठवड्याने त्याच माझ्याकडे आल्या. बसल्या, चहा घेतला, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, तिथे मला डोकेदुखीशिवाय काही जाणवलंच नाही, कुणाला सांगू? मग आम्ही संध्याकाळभर बोललो. त्यांचं गाला माझ्या स्वयंपाकघरात झालं, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

आता आमच्या जुन्या बॅचमधल्या सात जणांनी ठरवलं आहे की दसऱ्यानंतर जायचं. कैलासाला नाही. नारायण आश्रम, सिरखा, रुंगलिंगचं जंगल, आणि गाला. नारायण स्वामींनी १९३६ मध्ये उभा केलेला तो आश्रम जाताना आम्ही घाईत पाहिला होता, या वेळी तिथे एक दिवस मुक्काम आहे. पोर्टर म्हणतो, पावसाळ्यात जळवा फार असतात, ऑक्टोबरात वाट कोरडी मिळेल. तो चार दिवस जीप बंद ठेवून आमच्याबरोबर चालणार आहे, बायकोला आणि मुलीलाही आणतो म्हणाला. नाशिकच्या काकूंनी रोज टेकडी चढायला सुरुवात केली आहे. डॉक्टर बाईंनी औषधांची यादी पाठवली. बडोद्याच्या काकांचं वय झालं आहे, त्यांची अट एकच आहे, रोज थोडंच चालायचं आणि गालाला दोन रात्री राहायचं. ती आम्ही सगळ्यांनी मान्य केली आहे.